बेसिनच्या ओट्याला कोणता दगड? आधी बोअरच्या पाण्याला विचारा

गोडाऊनमध्ये दगड बघायला निघालो की माझ्या पिशवीत तीन वस्तू असतात: घरच्या बोअरच्या पाण्याची बाटली, एक लिंबू आणि बायकोकडून मागून घेतलेली नेलपॉलिश रिमूव्हरची कुपी. दुकानदार आधी हसतो. लिंबू कापलं की हसणं थांबतं. पहिल्यांदा बाथरूम केलं तेव्हा यातलं काहीच नेलं नव्हतं. कापूस विकून आलेला पैसा तेवढा खिशात होता, आणि परत येताना छोट्या हत्तीत एक काळाशार, आरशासारखा चकाकणारा दगड होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. पूर्वी अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी, खाली शहाबादी फरशी, बाजूला पाण्याचा रांजण, संपलं. आता स्लॅबच्या घरात बाथरूम आत आलं, आरसा आला, बेसिन आलं. बेसिन नुसतं भिंतीला लटकवायचं असेल तर हा लेख वाचायची गरज नाही. पण बेसिनभोवती दगडाचा ओटा करायचा म्हटलं की गडबड सुरू होते, कारण दगड आपण शहरातल्या दुकानात, दिव्याखाली, कोरडा असताना निवडतो आणि वापरतो मात्र गावात, बोअरच्या पाण्याखाली. म्हणून इथं सुरुवात दगडापासून नाही, पाण्यापासून करतो.

पहिली पायरी: आपलं पाणी ओळखा

विदर्भात दर दहा कोसांवर पाण्याची चव बदलते. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. बाकी ठिकाणी खारट नसलं तरी जड पाणी बरंच आहे. कुठं कुठं पाण्यात लोह असतं. असं पाणी हापशातून येतं तेव्हा स्वच्छ दिसतं आणि बादलीत ठेवलं की तासाभरात तांबूस होतं.

जड पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेलं पाणी. थेंब दगडावर पडतो, पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. पुढचा थेंब त्याच्यावर बसतो. वर्षभरात नळाच्या बुडाशी पांढरं कडं तयार होतं, नखानं खरवडलं तरी न निघणारं. आणि आपला उन्हाळा असा की पारा ४५ अंशांवर गेला की ओट्यावर सांडलेलं पाणी पुसायच्या आत वाळलेलं असतं. उन्हानं दगडाला काही होत नाही. पण ऊन थेंबाला पुसायची फुरसत देत नाही, हा खरा त्रास.

तुमचं पाणी किती जड हे ओळखायला प्रयोगशाळाच पाहिजे असं नाही. स्वयंपाकघरात विचारा. तुरीची डाळ शिजायला कुकरच्या नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या लागतात का? अंगाचा साबण फेस न धरता चिकट साय धरतो का? पाणी तापवायच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला पांढरी खपली जमते का? तिन्हींना हो असेल तर पाणी जड आहे. आकडाच हवा असेल तर ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनमध्ये आलेला तपासणी संच असतो, जलसुरक्षक पोराला सांगा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माझा अंदाज असा, की तुमचा आकडा २०० च्या आत असेल तर दगड बिनधास्त आवडीनं निवडा. ४०० च्या वर असेल तर या लेखातली प्रत्येक ओळ तुमच्यासाठी आहे.

आणखी एक सोपी परीक्षा. काचेच्या तुकड्याला मागून काळा कागद लावा, वर बोअरच्या पाण्याचे पाच-सात थेंब टाका आणि उन्हात ठेवा. वाळल्यावर जे पांढरे ठिपके दिसतील, तेच तुमच्या काळ्या ग्रॅनाइटवर रोज दिसणार आहेत.

दुसरी पायरी: बेसिन आणि नळ आधी घरात आणा

बहुतेक लोक दगड आधी घेतात आणि बेसिन शेवटी. उलटं करा. दगडाला भोक बेसिनच्या मापानं पडतं, आणि पडलेलं भोक लहान करता येत नाही.

बेसिन तीन तऱ्हेची. एक, दगडाच्या खालून लागणारं. दुसरं, दगडाच्या भोकात बसून काठ वर राहणारं. तिसरं, भांड्यासारखं दगडावर ठेवलेलं, टेबलटॉप. आजकाल सगळ्यांना तिसरं पाहिजे, कारण ते दिसायला भारी. पण जड पाण्याच्या गावात त्याच्या बुडाशी, दगड आणि चिनी माती जिथं भेटतात तिथं, पांढरी वळी जमते आणि मागच्या बाजूला हात पोचत नाही. खालून लागणारं बेसिन असलं की ओट्यावरचं पाणी हातानं सरळ आत लोटता येतं. कारागीर चांगला असेल तर मी तेच सांगीन. मात्र त्यात भोकाची आतली कड उघडी दिसते, तिला पॉलिश मारावं लागतं आणि त्याची मजुरी वेगळी. कारागिराच्या हातावर भरवसा नसेल तर काठ वर राहणारं घ्या. वेडावाकडा काप काठाखाली झाकला जातो.

उंची जमिनीपासून ओट्याच्या वरच्या पृष्ठापर्यंत साधारण ३२ इंच धरा. टेबलटॉप बेसिन पाच-सहा इंच उंच असेल तर ओटा तेवढा खाली, २७ इंचांच्या आसपास घ्यावा लागतो, नाहीतर माय कुळकुळा करताना कोपरातून पाणी गाळत उभी राहते. खोली १८ ते २२ इंच. नळ भिंतीतला की दगडावरचा हे आत्ताच ठरवा, कारण दगडावरचा असेल तर त्याचंही भोक पाडायचं आहे.

मग रद्दी पेपर चिकटवून ओट्याच्या खऱ्या मापाचा नमुना करा. भिंत गुण्यात नसते, गावाकडची तर नसतेच. माझ्या घरी चार फुटांच्या ओट्याला एका टोकाला २० इंच खोली भरली आणि दुसऱ्या टोकाला १९ इंच २ सूत, म्हणजे सव्वा एकोणीस इंच. टेपनं दोन मापं घेऊन गेलो असतो तर एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहिली असती. पेपरवर बेसिनची जागा, नळाची जागा काढा आणि घडी घालून तो पेपरच गोडाऊनला न्या. बेसिनच्या भोकापासून ओट्याच्या पुढच्या काठापर्यंत निदान अडीच-तीन इंच दगड उरला पाहिजे. दगड मोडतो तो नेहमी त्या अरुंद पट्टीत.

तिसरी पायरी: दगडांची जात

गोडाऊनमध्ये शंभर नावं ऐकाल. जाती मोजून चारच.

पहिली जात चुनखडीची. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचेच दगड. कडप्पा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून आणि कोटा राजस्थानातल्या कोट्यावरून. आपल्याकडे स्वयंपाकाच्या ओट्याचे पाय आणि खालचे कप्पे कडप्प्याचेच असतात आणि तिथं तो योग्यच आहे. स्वस्त, सरळ, ताकदीचा. पण बेसिनचा वरचा ओटा म्हणून तो घेऊ नका. पहिल्या दिवशी तेल-पॉलिश मारून काळाभोर दिसतो, नंतर करडा पडतो, आणि काठाला पापुद्रे सुटतात. कोटा जरा बरा. पॉलिश केलेला हिरवट कोटा दिसतोही छान, थंड वाटतो आणि जड पाण्याचे पांढरे डाग त्याच्या फिकट रंगात लपतात. बजेट अगदीच कमी असेल आणि घरात अ‍ॅसिडची बाटली कुणी आणणार नाही याची खात्री असेल, तर कोट्याला माझी ना नाही. शहाबादी न्हाणीत शोभते, तिला तिथंच राहू द्या.

दुसरी जात मार्बल. रासायनिक दृष्टीनं हीसुद्धा चुनखडीचीच बहीण, जमिनीखाली उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेली. मकराण्याचा मार्बल ताजमहालाला लागला हे सांगून दुकानदार भाव वाढवेल. ताजमहालात कुणी हेअर डाय लावत नाही, हे आपण मनात म्हणायचं. मार्बल मऊ असतो. कठीणपणाच्या दहा अंकी मोजपट्टीवर तो ३ च्या जवळ, तर ग्रॅनाइट ६ ते ७. आणि तो पितो. खोबरेल तेल पितो, मेंदी पितो, हळद तर आवडीनं पितो. दर्यापूरकडे आमच्या मेहुण्यांनी पांढऱ्या मार्बलचा ओटा केला होता. त्याच घरात पुढच्या वर्षी पुतणीचं लग्न, हळदीच्या दिवशी पंधरा बायका त्या बेसिनवर हात धुवून गेल्या. पिवळा नकाशा अजून आहे. शिवाय तिकडचं पाणी खारं, त्यामुळे बेसिनच्या बाजूनं पॉलिश उडून दगड खडबडीत झाला. मेहुणे आता त्याच्यावर टॉवेल अंथरतात.

लिंबू याच दोन जातींसाठी. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबू पिळा, पाच मिनिटं थांबा आणि पुसा. चुनखडीच्या जातीचा असेल तर तिथली चमक गेलेली दिसते, तिरक्या उजेडात मंद ठिपका दिसतो. पक्क्या ग्रॅनाइटवर काही होत नाही. हा प्रयोग मात्र विचारून करा आणि पूर्ण तावावर, म्हणजे दगडाच्या अख्ख्या लादीवर, नाही, फेकायच्या तुकड्यावर करा.

तिसरी जात ग्रॅनाइट. बाथरूमसाठी विदर्भात दहापैकी आठ घरांना मी हेच सांगीन. क्वार्ट्ज आणि फेल्डस्पार ही त्यातली मुख्य खनिजं, दोन्ही कठीण, लिंबू-व्हिनेगरला न डगमगणारी. पण ग्रॅनाइट म्हणजे काळा हे डोक्यातून काढा. स्वयंपाकघरात काळा चालतो, तिथं तेलकट हात असतात आणि दिवसातून चारदा ओटा पुसला जातो. बेसिनच्या ओट्याला फडकं कोण मारतं? जड पाण्यात आरशासारखा काळा दगड म्हणजे शाळेचा फळा. प्रत्येक थेंब आपली सही करून जातो.

त्यापेक्षा ठिपक्याठिपक्यांचा, मध्यम करडा किंवा तपकिरी दगड घ्या. स्टील ग्रे नावानं मिळणारा करडा दगड आमच्याकडच्या पाण्याला सगळ्यात मानवतो. तपकिरी, लालसर ठिपक्यांचा टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगरकडून येतो, तोही चांगला, आणि पाण्यात लोह असेल तर तांबूस डाग त्यात मिसळून जातात. आंध्रातल्या चीमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, काळ्यात सोनेरी चांदण्या असलेला, दिसायला राजा आहे. घ्यायचा तर देवघराला घ्या. अगदी पांढुरक्या, मोठ्या दाण्याच्या ग्रॅनाइटबद्दल एक सूचना. तो काळ्यापेक्षा जास्त पाणी पितो, त्याला सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, लावावाच लागतो.

फिनिशमध्ये दुकानदार लेदर फिनिश दाखवतील. खडबडीत, हाताला चामड्यासारखं लागणारं, डाग लपवणारं. ओट्याच्या कडेला किंवा भिंतीच्या पट्टीला ठीक आहे. नळाखाली मात्र त्या बारीक खळग्यांत क्षार बसले की निघत नाहीत. साधं पॉलिशच बरं.

चौथी जात क्वार्ट्ज. हा खाणीतून निघालेला दगड नव्हे, कारखान्यात केलेला. क्वार्ट्जचा चुरा साधारण नव्वद टक्के आणि बाकी राळेसारखं रेझिन, दाबून तयार केलेला ताव. पाणी पीत नाही, सीलर लागत नाही, रंग एकसारखा. पांढराशुभ्रच पाहिजे असा घरातल्या पोरींचा हट्ट असेल तर मार्बलऐवजी हा घ्या. तोटे दोन. भाव ग्रॅनाइटपेक्षा बराच वर, आणि खेड्यात तो नीट कापणारा, जोड न दिसू देणारा कारागीर मिळणं अवघड. खिडकीतून सरळ ऊन पडत असेल तर रेझिन पिवळं पडतं, तेही बघा. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. क्वार्ट्जच्या तावात सिलिका फार, कोरडा कापला तर ती धूळ कारागिराच्या फुप्फुसात बसते. ऑस्ट्रेलियानं याच कारणानं १ जुलै २०२४ पासून अशा कारखानी दगडावर बंदी आणली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, कमी, पण असते. म्हणून कोणताही दगड अंगणात कापायचा असेल तर कटरच्या पात्यावर पाण्याची धार धरायला घरातलं एक माणूस उभं करा. मिस्त्री म्हणेल, "काही होत नाही भाऊ, सवय हाये." तरी उभं करा.

यापलीकडे नॅनो व्हाइट म्हणून काचेसारखा पांढरा ताव मिळतो. भोक पाडताना कडा टवके देतात, म्हणून बेसिनच्या ओट्याला मी टाळतो.

चौथी पायरी: गोडाऊनमध्ये ताव तपासणे

आता माझ्या काळ्या दगडाची गोष्ट. शहरातल्या एका गोडाऊनमधून घेतला, शेजारच्यापेक्षा भाव बराच कमी होता, मी खूश. सहा महिन्यांत साबणाच्या वडीजवळ करडा पट्टा दिसायला लागला. मला वाटलं क्षार असतील. संडासात टाकायचं अ‍ॅसिड आणलं आणि ओतलं. दगडाचा पट्टा होता तसाच राहिला, पण अ‍ॅसिड काठावरून खाली ओघळून कडप्प्याच्या पायावर गेलं आणि तिथं तो दगड दुधासारखा फसफसला. नळाचा मुलामाही गेला, तो वेगळाच. मग पांढऱ्या फडक्यानं ओटा पुसला तर फडकं काळं! दगड मुळात करडा, वरून काळ्या रंगानं आणि तेलानं रंगवलेला.

तेव्हापासून रिमूव्हर. पांढऱ्या फडक्यावर थोडं घ्या आणि तावाच्या कोपऱ्यात जोर देऊन घासा. फडक्यावर काळं आलं तर त्या दगडाला रामराम.

दुसरं, ताव बाहेर उन्हात काढायला लावा. गोडाऊनमधल्या ट्यूबलाइटखाली सगळेच दगड देखणे. उन्हात तिरकं बघा म्हणजे केसासारख्या तडा, रेझिन भरलेल्या रेषा, पॉलिशचे लाटेसारखे चढउतार दिसतात. बारीक रेझिनची रेष असली म्हणून दगड टाकाऊ होत नाही, पण ती बेसिनच्या भोकाजवळ येणार असेल तर तो तुकडा नको. पेपरचा नमुना तावावर ठेवूनच हे ठरवा.

तिसरं, बाटलीतलं पाणी. कोरड्या दगडावर चार थेंब टाका आणि दहा मिनिटं त्यांच्याकडं बघू नका, दुकानदाराशी भावाचं बोला. मग पुसा. थेंबाच्या जागी गडद ठिपका राहिला तर दगड पितो. लगेच नाहीसा झाला तर चांगला. उलट बाजूला, पॉलिश नसलेल्या अंगावर हा प्रयोग करू नका, तिथं सगळेच दगड पितात.

चौथं, ताव उभा असताना बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवा. खणखणीत आवाज एकसारखा आला पाहिजे. मडक्याला चीर असली की जसा भदभद आवाज येतो, तसा कुठं आला तर आत तडा आहे. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, माठ घेताना आपण हेच करतो.

जाडी सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. बेसिनच्या ओट्याला ६ सूत, म्हणजे साधारण १८-१९ मिलिमीटर, पुरे. ५ सुताचा स्वस्त पडतो, पण भोक पाडल्यावर पुढची पट्टी नाजूक होते. जाडी तावाच्या चारी काठांना टेपनं मोजा. एका काठाला ६ आणि दुसऱ्याला ५ असे ताव मी पाहिले आहेत.

हिशेब असा करा. चार फूट लांब आणि २० इंच खोल ओटा म्हणजे ६.६७ चौरस फूट. मागच्या भिंतीला चार इंची पट्टी घेतली तर आणखी १.३३. झाले आठ चौरस फूट. काठाच्या मोल्डिंगचा भाव धावत्या फुटावर वेगळा, भोक पाडायचा भाव वेगळा, गाडीभाडं वेगळं. हे तीन आकडे विचारल्याशिवाय चौरस फुटाच्या भावावर भुलू नका. एवढ्याशा आठ फुटांसाठी पूर्ण ताव घ्यायची गरजही नाही. कटपीसचा ढीग मागच्या बाजूला असतो, तिकडं आधी जा. आणि घरात स्वयंपाकाचा ओटाही करायचा असेल तर दोन्हींचा दगड एकाच वेळी घ्या. स्वयंपाकघरातला उरलेला तुकडा बहुतेक वेळा बाथरूमला पुरतो.

पाचवी पायरी: गावापर्यंत आणणे

ग्रॅनाइट सहा सुताचा असेल तर चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास वजन. आपला ओटा तीसेक किलोंचा. जड नाही, पण मोडण्याजोगा आहे. दगड गाडीत नेहमी उभा ठेवायचा, आडवा कधीच नाही. आडवा ठेवला की पहिल्याच गतिरोधकावर मधोमध ताण येतो. खाली बारदाना, बाजूला जुनी गोधडी, आणि दोरी आवळून. पांदण रस्त्यानं यायचं असेल तर शेवटचा टप्पा चालत्या माणसाच्या वेगानं.

भोक गोडाऊनमध्ये पाडून आणावं की घरी? भोक पाडलेला दगड वाटेत मोडायची शक्यता जास्त. मी घरीच पाडतो. मात्र गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, कटर ओढत नाही आणि अडखळत्या पात्यानं कडा टवकतात. हे काम सकाळी उरकायचं.

सहावी पायरी: बसवणे

ओट्याखाली काय असावं यावर वाद नको. कडप्प्याचे पाय किंवा अर्ध्या विटेची भिंत. लाकडी किंवा भुशाच्या फळीचं कपाट खाली करू नका, वाळवी आणि ओल मिळून दोन पावसाळ्यांत त्याचं पीठ करतात. लोखंडी ब्रॅकेट जड पाण्यात गंजतात आणि गंज पांढऱ्या दगडावर उतरतो.

इथं काळ्या मातीची एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया कितीही खोल घेतला तरी भिंती थोड्याबहुत हलतात. ओटा तिन्ही बाजूंनी भिंतींत सिमेंटनं ठोकून बसवला तर भिंतीची हालचाल सरळ दगडात जाते, आणि तडा कुठं जातो? बेसिनच्या भोकाच्या कोपऱ्यातून. म्हणून दगड आणि भिंत यांच्यात एक सूतभर जागा सोडा आणि तिच्यात सिलिकॉन भरा, पांढरं सिमेंट नाही. पांढरं सिमेंट पाणी पितं आणि काळं पडतं, सिलिकॉन ताणलं जातं. भोकाचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर ठेवा, तडा काटकोनातूनच सुरू होतो.

मिस्त्रीकडून आणखी दोन कामं करून घ्या. लेव्हलच्या नळीनं ओटा पाण्यात, म्हणजे एका पातळीत, घ्यायला सांगा आणि बेसिनच्या दिशेला किंचित ढाळ द्या, अगदी कणभर, गोळी ठेवली तर हळूच घरंगळेल एवढा. आणि पुढच्या काठाच्या खालच्या अंगाला, काठापासून अर्धा इंच आत, कटरनं एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळणारं पाणी त्या खाचेपाशी थांबतं आणि थेंबानं खाली पडतं, दगडाच्या पोटावरून भिंतीपर्यंत चालत जात नाही. पाच मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

मार्बलच घेतला असेल तर खाली करडं सिमेंट वापरू देऊ नका. त्याचा काळपट रंग खालून वर येतो. पांढरं सिमेंट किंवा पांढरा चिकटा वापरा. मघाशी भिंतीच्या फटीला नको म्हटलेलं पांढरं सिमेंट इथं, दगडाखाली मात्र चालतं.

सिलिकॉन भरल्यावर एक पूर्ण दिवस नळ बंद. पाहुणे आले तरी बंद.

सातवी पायरी: सीलर आणि रोजचं

दगड बसवून पूर्ण सुकू द्या, मग दगडात मुरणारा सीलर लावा, मेण नाही. गडद, बारीक दाण्याच्या ग्रॅनाइटला नाही लावला तरी भागतं. फिकट ग्रॅनाइट, कोटा, मार्बल यांना लागतोच. वर्षातून एकदा पुन्हा थेंबाची परीक्षा घ्या. ठिपका राहायला लागला की सीलरचा पुन्हा एक हात द्या.

रोजचं काम एकच, रात्री झोपताना कोरडं फडकं. आमच्या घरी बेसिनच्या शेजारी खुंटीला ते टांगलेलं आहे आणि शेवटी दात घासणाऱ्यानं ओटा पुसायचा असा नियम आहे. नियम पाळला जातो असं मी म्हणणार नाही, पण निम्म्या रात्री पाळला जातो आणि तेवढ्यानंही फरक पडतो. नळ ठिबकत असेल तर आधी त्याचा वायसर बदला. पांढऱ्या कड्याचं मूळ बहुतेक वेळा दोन रुपयांच्या त्या वायसरमध्येच असतं.

क्षार जमलेच तर ग्रॅनाइटवर ओलं फडकं अर्धा तास ठेवून मऊ करा आणि दाढीचं पातं अगदी आडवं धरून हळू खरवडा. मार्बल आणि कोट्यावर पातं नको, लिंबू नको, व्हिनेगर नको, संडासचं अ‍ॅसिड तर कोणत्याच दगडाजवळ नको. तेलाचा डाग पडला असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जाडसर लेप द्या, वर प्लॅस्टिक झाका आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर काढा. एकदा नाही निघाला तर दोनदा. मेहुण्यांच्या हळदीवर हा लेप तीनदा दिला. पिवळा फिका झाला, गेला नाही.

बेसिनसाठी पाडलेल्या भोकातून जो मधला तुकडा निघतो, तो मिस्त्री आपल्या पिशवीत टाकायच्या आधी मागून घ्या. आमचा निघाला तो अंडाकृती होता. कडा घासून मायनं त्याच्यावर मिरच्या-लसूण ठेचायला सुरुवात केली आणि आता स्वयंपाकघरातला पाटा बाहेर अंगणात गेला आहे.